दोन ओळींची शिरोरेषा

४ नोव्हेंबर १९५२ ची रात्र. अमेरिकेत अध्यक्षपदाची मतमोजणी सुरू होती आणि सीबीएस वाहिनीने निकालाचा अंदाज बांधायला युनिव्हॅक हा अवाढव्य संगणक मदतीला घेतला होता. मतांचा अगदी लहानसा वाटा मोजून झाला असतानाच युनिव्हॅकने आयझेनहॉवर यांच्या पदरात ४३८ आणि स्टीव्हन्सन यांच्या पदरात ९३ प्रतिनिधींची मते टाकली. निवडणुकीआधीच्या चाचण्यांनी अटीतटीची लढत सांगितली होती. त्यामुळे यंत्रावर कोणाचा विश्वास बसला नाही आणि तो आकडा त्या वेळी प्रेक्षकांना सांगितला गेला नाही. प्रत्यक्ष निकाल लागला ४४२ विरुद्ध ८९.

संगणकाच्या इतिहासात हा प्रसंग नेहमी सांगितला जातो, पण दूरचित्रवाणीच्या इतिहासाला त्याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. खरा युनिव्हॅक फिलाडेल्फियात होता. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत प्रेक्षकांना दिसत होती ती लुकलुकत्या दिव्यांची एक दिखाऊ पेटी. यंत्राचे उत्तर यायचे ते टेलिप्रिंटरच्या कागदावर टंकलेले. लाखो मतांची बेरीज करून निकाल ओळखणाऱ्या त्या संगणकाला पडद्यावर एक सरळ रेघही काढता येत नव्हती.

ती रेघ काढण्याचे काम पुढची पंचवीसेक वर्षे माणसांनीच केले. पुठ्ठा, पोस्टर कलर, चुंबक, प्लायवूड आणि दिवे ही त्यांची साधने. नकाशा किंवा आलेख टीव्हीवर स्वच्छ दिसावा यासाठी काय काय करावे लागते, याची विद्या या लोकांनी चुकत-शिकत उभी केली आणि तिचा गाभा होता टाकून देणे. कागदावर जे शोभते त्यातले निम्म्याहून अधिक पडद्यावर नेता येत नाही. नेमके काय सोडायचे हे ज्याला कळले, त्याचाच तक्ता घरात बसलेल्या माणसाला वाचता आला.

अडचण होती पडद्याच्या घडणीतच. भारताने स्वीकारलेल्या पद्धतीत चित्र ६२५ आडव्या ओळींचे असे, त्यांतल्या साधारण ५७६ प्रत्यक्ष चित्राच्या. या ओळी वरून खाली सलग काढल्या जात नसत. मुलाने वहीत एक ओळ सोडून एक लिहीत पान संपवावे आणि मग वर येऊन सोडलेल्या ओळी भराव्यात, तसे चित्र दोन हप्त्यांत उमटे. सेकंदाला असे ५० हप्ते म्हणजे २५ पूर्ण चित्रे. माणसाचा चेहरा, झाड, क्रिकेटचे मैदान यांना या व्यवस्थेने काही बाधा येत नाही. पण आलेखाच्या तळाशी काढलेली बारीक आडवी रेघ नेमकी एकाच ओळीत बसली, तर ती दोनांपैकी एकाच हप्त्यात उमटते. मग ती सेकंदाला ५० ऐवजी २५ वेळाच उजळते आणि डोळ्याला थरथरताना दिसते. त्यावर उपाय एकच, आडवी रेघ किमान दोन ओळींइतकी जाड ठेवायची. कागदावर जो आलेख नाजूक आणि नेटका दिसतो, तो पडद्यावर जाण्यापूर्वी असा ठसठशीत करावा लागे.

दुसरी अडचण कडांची. घरोघरच्या संचांमध्ये चित्राच्या कडा काचेच्या चौकटीमागे दडत. कोणाच्या संचात किती दडतील याचा नेम नसे. म्हणून जगभरच्या स्टुडिओंनी ठरवून घेतले की महत्त्वाची हालचाल चित्राच्या मधल्या ९० टक्क्यांत आणि अक्षरे मधल्या ८० टक्क्यांत ठेवायची. लांबीचे ८० टक्के आणि उंचीचे ८० टक्के धरले तर क्षेत्रफळ उरते ६४ टक्के. म्हणजे तक्ता काढायला बसलेल्या कलाकाराची एक तृतीयांशाहून जास्त जागा पहिल्याच घासाला गेली. उरलेल्या ४६० ओळींत दहा रांगांचा तक्ता बसवला, तर प्रत्येक रांगेला मधल्या मोकळ्या जागेसकट ४६ ओळी मिळतात. वर्तमानपत्रात सहज मावणारा चाळीस रांगांचा तक्ता इथे कसा निकामी होतो, हे या एका भागाकारातून समजते.

बीबीसीत यासाठी १२ इंच बाय ९ इंचांचे कॅप्शन कार्ड रूढ होते. पडद्याचे ४:३ हे प्रमाण त्यात आपोआप साधे. कार्ड बहुधा काळे आणि त्यावरची अक्षरे पांढरी, कारण काळा भाग गाळून फक्त अक्षरे दुसऱ्या चित्रावर चढवता येत. कागद चकचकीत असून चालत नसे, दिव्याचा झोत त्यावर परतून अर्धी ओळ पुसून टाकायचा. स्तंभालेख वाढताना दाखवायचा असेल तर कार्डाला खाच पाडून मागे पांढरी पट्टी सरकवत. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर उभा असलेला मदतनीस ती पट्टी हलक्या हाताने ओढायचा आणि घरोघरी निर्यात वाढताना दिसायची. हात जरा अडखळला तर देशाची निर्यातही अडखळे. थेट प्रक्षेपणात दुसरी संधी नव्हती. पुढे संगणकाने ज्याला ॲनिमेशन म्हणून मिरवले, त्याची ही पहिली पिढी. तिच्यामागच्या हातांची नावे फारशी कुठे नोंदलेली नाहीत, याची खंत वाटते.

या विद्येची सर्वात कडक परीक्षा रोज होत असे ती हवामानाच्या नकाशावर. बीबीसीने २९ जुलै १९४९ रोजी हवामानाचे नकाशे पडद्यावर द्यायला सुरुवात केली, तेव्हा निवेदक दिसत नसे, फक्त आवाज येई. ११ जानेवारी १९५४ ला जॉर्ज काउलिंग नावाचे हवामान खात्याचे अधिकारी प्रथमच नकाशासमोर उभे राहिले आणि हाताने खुणा करत उद्याची हवा समजावून सांगू लागले. मात्र त्यांच्यामागचा नकाशा वैज्ञानिकांच्या परंपरेतला होता. समान दाबाच्या वळणदार रेषा, त्यांवर दात काढलेल्या आघाड्या. ज्याने हवामानशास्त्र शिकले आहे त्याला त्यात सगळे काही दिसते. ज्याला उद्या छत्री न्यायची की नाही एवढेच हवे आहे, त्याला काहीच दिसत नाही.

१९६७ मध्ये चुंबकी तुकडे आले. पाऊस म्हणजे ठिपके, सरी म्हणजे त्रिकोण, बर्फ म्हणजे तारका. लोखंडी फळीवरच्या नकाशावर ते चिकटवायचे आणि बोलता बोलता सरकवायचे. सोय झाली, पण त्रिकोण म्हणजे सर हे प्रेक्षकाला पाठ करावे लागत होते. ते कोडे सोडवले नॉर्विच स्कूल ऑफ आर्टच्या एका विद्यार्थ्याने. मार्क ॲलन याने आखलेली चिन्हे १९७५ मध्ये पडद्यावर आली. पांढरा ढग, काळा ढग, ढगाखाली पाण्याचे थेंब, ढगाआडून डोकावणारा सूर्य. जाड कडा, भरीव आकार, आत एकही बारीक रेघ नाही. ढगाखाली थेंब असले तर पाऊस, नसले तर नुसतेच आभाळ. पाठांतराची गरजच उरली नाही. लहान आणि धूसर कृष्णधवल संचावर, खोलीच्या दुसऱ्या टोकाकडूनही ही चिन्हे ओळखू येत. ॲलनने हवामानशास्त्रातले जवळजवळ सगळे बाहेर ठेवले आणि म्हणूनच त्याची चिन्हे तीस वर्षे टिकली. आज मोबाइलवर हवामान पाहणारा माणूस जे ढग आणि थेंब पाहतो, तेही याच घराण्यातले.

चुंबकांचा स्वभाव मात्र शेवटपर्यंत बेभरवशाचा राहिला. निवेदकाने पाठ वळवावी आणि सूर्य घसरून आयरिश समुद्रात पडावा, असे प्रकार होत. १९८५ मध्ये बीबीसीने फळी काढून टाकली आणि संगणकाने काढलेला नकाशा निवेदकामागे आणला. तेव्हापासून निवेदक एका कोऱ्या रंगीत पडद्यापुढे उभा राहून, बाजूच्या मॉनिटरकडे पाहत, स्वतःला न दिसणाऱ्या गावावर बोट ठेवू लागला.

निवडणुकीचे चित्रण याच्या जोडीने घडत होते. तिथला सर्वात यशस्वी तक्ता म्हणजे ब्रिटनचा स्विंगोमीटर. पीटर मिल्न यांची ही कल्पना १९५५ मध्ये ब्रिस्टलच्या स्टुडिओतून, साउदॅम्प्टनच्या दोन मतदारसंघांपुरती प्रथम वापरली गेली. १९५९ मध्ये बीबीसीने ती देशभरासाठी घेतली आणि समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅकेन्झी यांनी तिला घराघरांत पोहोचवले. एक अर्धवर्तुळ, एक काटा. मते एका पक्षाकडून दुसऱ्याकडे किती टक्के झुकली हे काटा दाखवतो आणि तेवढे झुकणे सगळीकडे सारखे धरले तर किती जागा पालटतील हे कडेवर लिहिलेले असते. सहाशेहून अधिक मतदारसंघांचा निकाल एका लोलकात सामावला. संख्याशास्त्राच्या दृष्टीने त्यात ढोबळपणा आहे, पण पडद्यासाठी याहून चांगला तक्ता काढणे कठीण. हलणारी वस्तू एकच असल्याने डोळा भरकटत नाही.

अमेरिकेत १९७६ साली एनबीसीने देशाचा भलामोठा नकाशाच स्टुडिओत उभारला. प्रत्येक राज्य म्हणजे मागे दिवे लावलेला प्लास्टिकचा तुकडा. दिव्यांच्या उष्णतेने प्लास्टिक वितळू लागले आणि निवडणुकीच्या तोंडावर नकाशाच्या पोटात थंड हवा सोडण्याची व्यवस्था करावी लागली. त्या रात्री फोर्ड यांनी जिंकलेली राज्ये निळी उजळली आणि कार्टर यांची लाल, म्हणजे आजच्या बरोबर उलट. रिपब्लिकन लाल आणि डेमोक्रॅट निळे ही वाटणी सर्व वाहिन्यांवर पक्की झाली ती २००० च्या निवडणुकीत. ज्या रंगांवरून आज अमेरिकी राज्यांची राजकीय ओळख सांगितली जाते, ते स्टुडिओतल्या सोयीतून आले आहेत.

रंगाचा प्रश्न भारतात अधिक बिकट होता. १५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शनवर रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या आशियाई खेळांनी त्याला चालना दिली. पण देशातले बहुतेक संच त्यानंतरही बरीच वर्षे कृष्णधवल होते. रंगीत चित्र कृष्णधवल संचावर करडे होऊन उतरते, तेव्हा हिरव्याचा हिस्सा साधारण ५९ टक्के, लाल ३० आणि निळा अवघा ११ टक्के धरला जातो. त्यामुळे रंगीत मॉनिटरवर ठळक वेगळे दिसणारे लाल आणि गडद हिरवे स्तंभ निम्म्याहून अधिक घरांत एकाच करड्या छटेचे दिसू शकत. निळ्यावर काढलेली काळी अक्षरे तर गडपच होत. म्हणून जाणता कलाकार रंग निवडताना उजेडाचा फरक आधी पाही, रंगाचा नंतर. कृष्णधवल मॉनिटरवर तक्ता वाचता आला तरच तो पुढे पाठवण्याजोगा.

आपल्याकडच्या पाल पद्धतीत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीच्या साधारण चौथ्या हिश्शाइतक्या बारकाईनेच पाठवली जाई. निळ्यावर लाल अक्षर काढले की त्याच्या कडा ओघळत. बारीक चौकडीचा सदरा घातलेल्या पाहुण्याच्या अंगावर इंद्रधनुष्य नाचे, तेच बारीक रेघोट्यांनी भरलेल्या आलेखाचेही होई. पांढरे फार पांढरे ठेवले तर आणखी एक गंमत घडे. ध्वनी आणि चित्राच्या लहरी संचात एकमेकींत मिसळत आणि पडद्यावर अक्षरे येताच स्पीकर भुणभुणू लागे. अक्षरांचा आवाज ऐकू येणे ही त्या काळातल्या प्रेक्षकांच्या ओळखीची गोष्ट आहे, तिचे कारण मात्र फार थोड्यांना माहीत होते. त्यामुळे अक्षरांना शुद्ध पांढरा न देता किंचित मळकट पांढरा देण्याची पद्धत पडली.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा वरळीच्या कलाकारांपुढे ओळी आणि कडा यांच्या अडचणींखेरीज आणखी एक गोष्ट होती, देवनागरी लिपी. रोमन कॅपिटल अक्षर दिलेली सगळी उंची वापरते. देवनागरीत त्याच उंचीत वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार यांनाही जागा द्यावी लागते. व्यंजनाच्या मुख्य अंगाला उरते ती निम्म्याच्या आसपास. ४६ ओळींच्या रांगेत मधली मोकळी जागा सोडली, तर ‘र्की’ किंवा ‘ष्ट्रू’ यांसारख्या जोडण्यांचे काय होत असेल याची कल्पना करता येते. अनुस्वाराचा ठिपका एका ओळीचा काढला तर तो लुकलुकतो, दोन ओळींचा काढला तर वरच्या रफाराला चिकटतो. १ आणि ९ किंचित धूसर झाले की एकमेकांसारखे दिसू लागतात आणि मतांच्या आकड्यात ही चूक परवडणारी नाही.

सर्वात नाजूक बाब म्हणजे शिरोरेषा. देवनागरीच्या प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर एक लांब आडवी रेघ असते आणि आडवी बारीक रेघ हीच तर टीव्हीच्या पडद्याची दुखरी जागा. इंग्रजी मजकुरात तुटक आडव्या कडा असतात, त्या थरथरल्या तरी खपून जातात. देवनागरीत ओळच्या ओळ एका वेळी थरथरते. म्हणून शिरोरेषा दोन ओळींहून बारीक काढायची नाही. पण ती जाड केली की तिच्या प्रमाणात उभे दंड जाड करावे लागतात, दंड जाड झाले की अक्षराच्या आतली पोकळी भरते आणि पोकळी भरली की ‘घ’ आणि ‘ध’ यांत फरक उरत नाही. मग अक्षर मोठे करायचे, म्हणजे शब्द कमी करायचे. ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ ही पाटी मुंबई केंद्राच्या प्रेक्षकांना आजही आठवते. दोनच शब्द, भोवती ऐसपैस मोकळी जागा. तिच्या आठवणीत लोकांचा राग जास्त असेल, पण पडद्यावरच्या मराठीचा तो एक उत्तम नमुना होता.

निवडणुकीचा तक्ता भारतात आणण्याचे श्रेय बऱ्याच अंशी एका सहकार्याला जाते. स्विंगच्या अभ्यासाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, ते ऑक्सफर्डचे डेव्हिड बटलर, अशोक लाहिरी आणि प्रणय रॉय यांनी १९८४ मध्ये भारतीय निवडणुकांचा संख्याकोश प्रसिद्ध केला. ब्रिटनचा काटा जसाच्या तसा इथे चालणारा नव्हता. तिथे मुख्य लढत दोघांची होती, इथे एका जागेवर पाच-पाच पक्ष. म्हणून त्यांनी स्विंगच्या जोडीला विरोधी ऐक्याचा निर्देशांक आणला. विरोधकांच्या एकूण मतांपैकी सर्वात मोठ्या विरोधी पक्षाकडे किती टक्के, हा तो आकडा. मते तेवढीच मिळाली तरी विरोधक एकवटले की सत्ताधारी पक्षाच्या जागा कोसळतात, हे एका आकड्यात सांगता येऊ लागले. १९८० च्या दशकात प्रणय रॉय आणि विनोद दुआ यांनी दूरदर्शनवरून रात्रभर निकाल सांगितले, तेव्हा ही अवघड संकल्पना चहाच्या टपरीवरच्या बोलण्यात उतरली. ‘स्विंग’ हा शब्द आपल्याकडे तोवर फक्त गोलंदाजीसाठी होता.

इकडे साधने बदलत होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सीबीएसच्या प्रयोगशाळेने विडिफॉन्ट हे अक्षरे उमटवणारे यंत्र बनवले आणि कार्डाची गरज हळूहळू कमी झाली. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात रिचर्ड शूप यांनी सुपरपेंट ही पडद्यावर रंगवण्याची प्रणाली उभी केली. १९८१ मध्ये इंग्लंडच्या क्वांटेल कंपनीने पेंटबॉक्स आणला. कलाकार लेखणी हातात धरून टेबलावर रेघ ओढायचा आणि ती थेट पडद्यावर उमटायची. या यंत्राची खरी देणगी रंगांच्या संख्येत नव्हती, कडांमध्ये होती. रेघेच्या वर आणि खाली करड्या छटेची एकेक ओळ घालून पेंटबॉक्स तिची कड मऊ करी. थरथरणारी रेघ त्यामुळे शांत होई आणि तिरपी रेघ जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची न दिसता सरळ दिसे.

देवनागरीला या सोयी मिळायला थोडा वेळ लागला, कारण परदेशी यंत्रांना जोडाक्षर ठाऊक नव्हते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे जिस्ट हे तंत्र पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढले आणि एका मांडणीच्या कळफलकावरून भारतीय लिप्या टंकणे शक्य झाले. त्यातूनच सी-डॅकने दूरचित्रवाणीसाठी उपशीर्षकांची ‘लिप्स’ ही प्रणाली तयार केली.

साधन हाती आले म्हणून समज येतेच असे नाही, याचा दाखला खुद्द बीबीसीने दिला. १६ मे २००५ रोजी ॲलनची चिन्हे निवृत्त झाली आणि न्यूझीलंडमध्ये घडलेला त्रिमितीय नकाशा आला. जणू दक्षिणेकडून विमानातून पाहावे तसा ब्रिटन दिसू लागला. चित्र देखणे होते. पण तिरप्या कोनामुळे दक्षिण इंग्लंड पुढे येऊन फुगले आणि दूरचे स्कॉटलंड आखडले. आपला देश नकाशावर लहान केला, म्हणून स्कॉटिश प्रेक्षक संतापले, जमिनीच्या तपकिरी रंगावरही टीका झाली. बीबीसीला नकाशाचा कोन बदलावा लागला. सपाट फळीवरच्या चुंबकांनी असा अन्याय कोणावर कधी केला नव्हता.

आता पडदा १६:९ झाला, ओळी १,०८० झाल्या आणि कडा दडवणारी काच गेली. निकालाच्या दिवशी मराठी वाहिनी लावली तर वर पक्षनिहाय जागा, उजवीकडे आघाडीवरच्या उमेदवारांची छायाचित्रे, खाली दोन सरकत्या पट्ट्या आणि मधल्या उरल्यासुरल्या चौकटीत चार वक्ते असे दृश्य दिसते. मोकळी झालेली प्रत्येक ओळ भरून टाकली आहे आणि आकडा शोधायला प्रेक्षकाला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. हे तंत्राचे अपयश नाही, निवड करायची टाळल्याचे आहे. काय सोडायचे हे कोणी ठरवतच नाही.

आणि जुनी अडचणही पुरती गेलेली नाही. भारतातल्या बहुतेक एचडी वाहिन्या १,०८० ओळी आजही दोन हप्त्यांतच पाठवतात. त्यामुळे मराठी वाहिनीसाठी नवा फॉन्ट निवडताना त्याची शिरोरेषा सर्वात लहान आकारात दोन ओळींपेक्षा बारीक होते का, हे अजूनही तपासून घ्यावे लागते.